कपबशीवर छापलेली शपथ

1830 साली ब्रिटिश संसदेने बिअर कायदा केला. इंग्लंड-वेल्समध्ये दोन गिनी भरल्या की कोणाही करदात्या घरमालकाला बिअरचा गुत्ता काढता येऊ लागला आणि गल्लोगल्ली गुत्ते उभे राहिले. दोनच वर्षांनी, 1 सप्टेंबर 1832 रोजी, लँकशायरमधल्या प्रेस्टनमध्ये चीजचे व्यापारी जोसेफ लिव्हसी आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी दारू पूर्णपणे सोडण्याच्या शपथेवर सह्या केल्या.

सही झाली, पण दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी जायचे कुठे? गुत्त्यात ऊब होती, गप्पा होत्या, सोबत होती. मद्यत्यागाच्या चळवळीने या प्रश्नाला चहापानाच्या सभा भरवून उत्तर दिले. चहा, पाव-लोणी, भाषणे, गाणी. मग कपबशीच प्रचाराला उभी राहिली.

भांड्यांवर चित्र छापण्याचे तंत्र आधीच रुळले होते. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 मध्येच 6 तासांत 1,200 हून अधिक टाइल्स छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, पत्रा तापवून त्यात तेलात खललेला रंग भरायचा आणि पातळ कागदावर ठसा घ्यायचा. तो ओला कागद भांड्यावर घासून बसवायचा, पाण्याने सोडवायचा आणि भांडे भट्टीत घालायचे. एका पत्र्यावर असे ठसे ढिगाने निघत. त्यामुळे स्टॅफर्डशायरची चित्रांची भांडी कामगाराच्याही आवाक्यात आली.

प्रचाराच्या भांड्यांवरचे चित्र बहुधा ठरलेले असे. मधोमध ढाल, दोन्ही बाजूंना नीटनेटक्या कपड्यांतले स्त्री-पुरुष, हातांतल्या निशाणांवर संयम आणि घरच्या सुखाची ग्वाही. आयर्लंडमध्ये 1838 पासून लाखो लोकांना शपथ देणारे कॉर्कचे पाद्री फादर मॅथ्यूही मगांवर आणि बश्यांवर आले. 1847 मध्ये लीड्सला मुलांसाठी ‘बँड ऑफ होप’ ही मद्यत्यागाची संस्था स्थापन झाली आणि तिच्या नावाचे मग चिमुकल्या हातांत गेले.

पत्रक एकदा वाचून बाजूला पडते. कप मात्र रोज हातात येतो, सणावारी फडताळातून पाहुण्यांसमोर येतो. घरातल्या बाईला नवऱ्याची शपथ रोज डोळ्यांसमोर ठेवण्याचे हे हक्काचे साधन मिळाले. या भांड्यांचे खरे मोल तेच.

ही भांडी जपणाऱ्यांपैकी एक होते ब्रायटनचे हेन्री विलेट. सामान्यांच्या भांड्यांतून इंग्लंडचा इतिहास सांगणारा त्यांचा संग्रह आज ब्रायटन संग्रहालयात आहे. त्यात मद्याच्या मैफलींची आणि मद्यत्यागाची भांडी एकाच विभागात मांडली आहेत. विलेट यांचा स्वतःचा व्यवसाय बिअर बनवण्याचा होता.