क्रोशाच्या सुईची हकीकत

रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल किंवा दारावरचे पांढरे तोरण पाहिले नाही, अशी भगिनी आपल्या मंडळात बहुधा सापडणार नाही. इतकी ही कला आपल्या घरची झाली आहे. पण ही आकड्याची सुई आपल्याकडे आली कोठून, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी ती थोडीशी केली. तिच्यातून जे हाती आले, ते मला नुसत्या छंदापेक्षा पुष्कळ मोठे वाटले.

‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंच भाषेत लहानसा आकडा. नाव फ्रेंच खरे, परंतु मूळ कदाचित आपल्या बाजूचेच असेल. भुजच्या मोची कारागिरांची आरी आपणांस ठाऊक आहे. कापड ताणून बसवायचे आणि आकड्याने खालचा दोरा वर ओढून साखळी घालीत जायचे. याच जातीचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले. पुढे खालचे कापड गळाले, साखळी मोकळ्या हवेतच विणली जाऊ लागली आणि क्रोशा जन्मला, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. लिस पालुदान या डॅनिश लेखिकेने जुन्या वस्तू व पुस्तके धुंडाळली. तिला १८०० पूर्वी युरोपात क्रोशा होता असा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे आपण जिला फार पुरातन समजतो, ती कला जेमतेम सव्वादोनशे वर्षांची!

मी ही विद्या शिकले ती माझ्या चुलत सासूबाईंकडून. त्या बोलत थोडे. त्यांनी साखळी दाखवली, मग मुका खांब, मग खांब, आणि म्हणाल्या, “एवढेच आहे गं. बाकी सगळी मोजणी.” अगदी खरे होते ते. दोन सुयांच्या विणकामात सारे टाके सुईवर जागे ठेवावे लागतात. येथे जिवंत फास एकच. काम कोठेही थांबवावे, कुकरची शिट्टी झाली की उठावे, परत येऊन तोच फास उचलावा. संसारातल्या बाईला यापेक्षा सोयीचा छंद कोणता मिळणार? पहिला ताटावरचा रुमाल पुरा झाला तेव्हा मला तास मोजण्याची हौस आली होती. अठरा तास भरले!

आता आयर्लंडकडे वळू. १८४५ साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे अन्न बटाट्यावर. पुढच्या सहासात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कच्या बाजूला जोगिणींच्या मठांतून मुलींना क्रोशा शिकवला जात होता. क्लोन्स या गावी तेथील धर्मगुरूंची पत्नी कॅसँड्रा हँड हिने १८४७ साली शिक्षिका आणवून बायकांना तो शिकवावयास लावला. व्हेनिसची महागडी लेस सुईने करावयास फार दिवस लागत. तिचा भास आकड्याने कमी वेळात साधता येई, म्हणून गिऱ्हाईक मिळाले. एकीने गुलाब करावा, दुसरीने पान, तिसरीने द्राक्षाचा घड, आणि मग सारे जाळीने जोडावे, अशी वाटणी असे. झोपडीत विणलेली ती फुले लंडन-पॅरिसच्या श्रीमंत बायकांच्या गळ्याशी जाऊन बसली. विणणारीच्या घरात मात्र त्या दिवशीची चूल पेटली.

खुद्द व्हिक्टोरिया राणीही क्रोशा करीत असे. १९०० साली, ऐंशी वर्षांची असताना, तिने आफ्रिकेतील युद्धावरच्या सैनिकांसाठी आपल्या हाताने आठ गळपट्टे विणले. ते शौर्याबद्दल देण्यात आले. राणीने विणले की सन्मान आणि गरीब बाईने विणले की आठवड्याची भाकरी, सुई तीच.

आपल्या देशातही असेच घडले. आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांतील बायकांनी हे काम आणले. प्रथम गरीब ख्रिस्ती स्त्रिया ते करीत. पुढे घराबाहेर न पडणाऱ्या कापू समाजातील स्त्रियाही करू लागल्या. लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथे जाऊन पाहणी केली व १८८२ नव्हे, अगदी अलीकडे, १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जे आहे ते वाचून मी सुई खाली ठेवली. दिवसाचे सहासात तास विणणाऱ्या या बायकांना कोणी कामगार म्हणून गणतच नव्हते. त्या ‘घरी बसलेल्या गृहिणी’, आणि विणकाम म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग! मजुरी अगदी नगण्य. व्यापार व नफा पुरुषांच्या हाती. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. त्यातले विणणारीच्या पदरात किती पडते, हे विचारायला हवे.

आपल्या विक्रीच्या टेबलावर गेल्या वर्षी एका बाईंनी रुमाल उलटसुलट पाहून विचारले, “दोऱ्याचे एवढे पैसे होतात का हो?” म्हणून माझी मंडळाला सूचना आहे: यंदा प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीच्या वर लागलेले तास लिहावेत. माझ्या रुमालावर ‘अठरा तास’ मी स्वतःच लिहून देईन.