मेंटेनर नावाचं कूळ

डेबियन या लिनक्सच्या संचावर चालणारा संगणक हाताशी असेल, तर त्याला कुठल्याही पॅकेजची माहिती विचारून पाहा. नाव, आवृत्ती, आकार यांच्या जोडीला ‘मेंटेनर’ अशी एक ओळ हमखास येते. तिच्यापुढे कुणाचं तरी नाव आणि ईमेलचा पत्ता. हा मनुष्य त्या सॉफ्टवेअरचा कर्ता असतोच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. कोड दुसऱ्या कुणी लिहिलेला. मेंटेनर तो आणतो, डेबियनच्या साच्यात बसवतो, तक्रारी आल्या की डागडुजी करतो, नवी आवृत्ती निघाली की पुन्हा हेच सगळं. मालक एक, कसणारा दुसरा. आपल्याकडे सातबाऱ्यावर अशा माणसाची नोंद ‘कूळ’ म्हणून होते. फरक इतकाच की इथे खंड कुणी मागत नाही आणि पीकही फुकट वाटायचं असतं.

ही ओळ आली कुठून?

लिनक्स म्हणजे खरं तर नुसता गाभा. त्याच्याभोवती शेकडो लहानमोठी साधनं जमवली तरच संगणक चालता होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही जमवाजमव करून फ्लॉप्यांचा गठ्ठा देणाऱ्यांत एसएलएस हे नाव पुढे होतं. गठ्ठा लोकप्रिय होता आणि चुकांनी भरलेला होता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा इयन मरडॉक त्याला वैतागला आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्यानं नवा संच काढत असल्याचं जाहीर केलं. वय वर्षं वीस. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून ‘डेबियन’.

मरडॉकचं निदान मला त्याच्या कोडपेक्षा मोलाचं वाटतं. संच बांधणं हे हमालीचं काम आहे. एकटा माणूस ते हौसेनं सुरू करतो, कंटाळतो आणि चुका साचत जातात, हे त्यानं जाहीरनाम्यात मांडलं. तेव्हा काम वाटून द्यायचं. पण एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांत ते वाटायचं कसं? एकानं ठेवलेली फाइल दुसऱ्यानं पुसली तर?

पॅकेज हे या प्रश्नाचं उत्तर. जानेवारी १९९४मध्ये आलेल्या ०.९१ आवृत्तीत पॅकेज बसवण्याची आणि काढण्याची साधी सोय होती, आणि तोवर काही डझन माणसं कामाला लागली होती. पुढे इयन जॅक्सननं डीपीकेजी हे पॅकेजं हाताळणारं साधन सी भाषेत नव्यानं लिहिलं. पॅकेजचा शोध वापरणाऱ्याच्या सोयीसाठी लागला असं आपण समजतो. मला तो आधी वाटणीपत्राचा शोध वाटतो. ही फाइल माझी, ती तुझी. माझं चालायला तुझं अमुक लागतं, तेही लिहून ठेवलं. भावकीत इतकी स्वच्छ वाटणी झालेली मी तरी पाहिलेली नाही.

पॅकेजची डेब फाइल उकलली तर ती एआर नावाच्या जुन्या युनिक्स साधनानं बांधलेलं गाठोडं निघते. आत तीन वस्तू: एका इवल्या फाइलीत ‘२.०’ एवढाच मजकूर, दुसरीत पॅकेजची कागदपत्रं, तिसरीत प्रत्यक्ष माल. मेंटेनरचं नाव कागदपत्रांत असतं.

नाव आलं की नात्याची भाषाही येते. मेंटेनरनं हात टेकले की पॅकेज ‘अनाथ’ ठरतं, आणि दुसरा कुणी ते ‘दत्तक’ घेतो. हे शब्द मी सजवलेले नाहीत, प्रकल्पातलेच आहेत. न सांगता गायब झालेल्या मेंटेनरांचा माग काढणारा स्वतंत्र गटही आहे. सैन्यात बेपत्ता जवानासाठी जो शब्द वापरतात, तोच त्याच्या नावात.

कुळाच्या हातून मालकाच्या जमिनीचं नुकसान होतं का? होतं. ओपनएसएसएल हे गुप्त किल्ल्या तयार करणारं सॉफ्टवेअर. चुका शोधणारं एक साधन त्यातल्या दोन ओळींबद्दल कुरकुरत होतं, म्हणून २००६मध्ये डेबियनमध्ये त्या निकामी करण्यात आल्या. त्यातलीच एक ओळ यादृच्छिकतेचा कच्चा माल पुरवत होती. ती गेल्यावर किल्ली ठरवायला उरला जेमतेम प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, एका मापाच्या किल्लीसाठी, फार तर ३२,७६८ शक्यता. जगभरच्या सर्व्हरांच्या किल्ल्या अंदाजानं ओळखता याव्यात अशी ही चूक जवळपास दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. १३ मे २००८ रोजी ती जाहीर झाली, लुचियानो बेय्यो या डेबियनच्याच माणसानं शोधल्यावर. दुसऱ्याच्या कोडवर हात चालवायचा तर किती, हा वाद तेव्हा पेटला. माझं मत विचाराल तर कुरकूर थांबवण्यासाठी ओळ काढणं हा आळस नव्हे, टापटिपीचा अतिरेक; आणि तो जास्त घातक.

जून १९९६मध्ये १.१ आवृत्ती निघाली तेव्हा पॅकेजं होती ४७४. जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीत ती ६४ हजारांवर गेली. मरडॉक डिसेंबर २०१५मध्ये वारला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. २०१७ची ‘स्ट्रेच’ ही आवृत्ती त्याला अर्पण केलेली आहे. मेंटेनरच्या ओळीत आता पुष्कळदा एका माणसाऐवजी गटाचं नाव दिसतं. एकट्याला कंटाळा येतो, हे निदान तीस वर्षांनंतरही खोटं ठरलेलं नाही.

डेबियनमध्ये मराठीचा शब्दलेखन-तपासनीस आहे, आणि ‘लोहित देवनागरी मराठी’ हा टंकही पॅकेज होऊन बसला आहे. तुमच्याकडे डेबियन असेल, तर त्या टंकाची माहिती एकदा काढा आणि मेंटेनरची ओळ वाचा. ‘श’ किंवा ‘ल’ चुकीचा उमटला, तर कळवायचा पत्ता तोच.