खिडकीबाहेरचा डोंगर

भोपाळहून सकाळी होशंगाबादकडे जाणारी बस पकडली, की सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटकाचा फाटा लागतो. होशंगाबादचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले. पण जुने नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. मंडीदीपचे कारखाने मागे पडतात, ओबेदुल्लागंजची बाजारपेठ सरते आणि वाहक हाक देतो, ‘भीमबेटकावाले, आगे आ जाइए.’ बस क्षणभर थांबते. त्या दिवशी उतरणारा मी एकटाच होतो. बाकीची सगळी बस पुढे गेली.

फाट्यापासून वर टेकडीपर्यंत सुमारे तीन किलोमीटरची चाल आहे. वाटेत रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. पुढे सागाचे जंगल सुरू होते. हा रातापानीचा वनप्रदेश. २०२४ च्या अखेरीस तो व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाला. चढ संपत आला, की झाडांच्या माथ्यावर प्रचंड खडक दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्याला एखाद्या पडक्या किल्ल्याचे बुरूज वाटावेत असे. भीम इथे बसत असे, म्हणून ही भीमबैठका, आणि तिचेच भीमबेटका झाले, असे लोक सांगतात.

हा रेल्वेमार्ग मी मुद्दाम सांगितला. भोपाळ आणि इटारसी यांना जोडणारी ही लोहमार्गाची वाट १८८० च्या दशकात पुरी झाली. म्हणजे तेव्हापासून रोज शेकडो माणसे या टेकड्यांसमोरून जात होती. १८८८ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका लेखात या जागेचा उल्लेखही केला. पण तो स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवर विसंबून होता. त्याने हे बौद्धांचे स्थान म्हणून नोंदवले आणि विषय तिथेच संपला.

पुढे १९५७ साल उजाडले. उज्जैनचे चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीतून या बाजूने चालले होते. नीमचला जन्मलेला, माळव्यात वाढलेला हा मराठी माणूस. खिडकीतून त्यांना हे खडक दिसले. अशा खडकांच्या पोटात आदिमानवाने आसरा घेतला असणार, अशी शंका त्यांना आली. इथवर फार मोठे काही नाही. प्रवासात आपल्यालाही शंका येतात. वाकणकर मात्र गाडीतून उतरले, पायी वर गेले, आणि त्यांना दगडांवर चित्रे दिसली. भारतात शैलचित्रे त्याआधीही सापडली होती. कार्लाईल यांना मिर्झापूरकडे ती १८६७-६८ मध्येच मिळाली होती, म्हणजे स्पेनमधील अल्तामिराच्या गुहाचित्रांच्या दहा-बारा वर्षे आधी. पण भीमबेटकाएवढा मोठा ठेवा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. या टेकड्यांमध्ये सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. वाकणकरांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा म्हटले ते २००३ मध्ये.

सामान्य प्रवाशाला यांतले पंधराएक आश्रय पाहता येतात. पहिल्यांदा सभागृहासारखी भव्य गुहा लागते. पुढे एका खडकावर प्राण्यांची इतकी गर्दी आहे, की त्याला प्राणिसंग्रहालयाचा खडक म्हणतात. हत्ती, गवे, बारशिंगे, हरणे, कोणी लाल, कोणी पांढरे. लाल रंग गेरूचा. एके ठिकाणी शिंगे असलेला अवाढव्य रानडुक्कर चिमुकल्या माणसाच्या मागे लागला आहे. दुसरीकडे घोडेस्वारांची मिरवणूक आहे, ढाल-तलवारींसह.

इथेच गफलत होते. माझ्यापुढच्या सहलीतले एक गृहस्थ मुलांना सांगत होते, की ही चित्रे एक लाख वर्षांपूर्वीची. त्यांनी ते कुठेतरी वाचले असणार. खरी गोष्ट अशी, की इथली वस्ती लाखाहून अधिक वर्षांची आहे, चित्रे तेवढी जुनी नाहीत. १९७० च्या दशकात वाकणकरांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी इथे उत्खनन केले. तेव्हा जमिनीच्या खालच्या थरांत पुराश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडी निघाल्या. चित्रांची सुरुवात साधारणपणे मध्याश्मयुगापासून मानतात, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून. आणि ती थेट ऐतिहासिक काळापर्यंत येते. घोडेस्वार तर अगदी अलीकडचे. एकाच दगडावर शिकारी आणि स्वार शेजारी-शेजारी, नव्हे, एकमेकांवर चढलेले दिसतात. नंतरच्या चित्रकाराने आधीचे चित्र खरवडले नाही, त्याच्यावरच आपले काढले. म्हणून इथला दगड वरून खाली नाही, तर बाहेरून आत वाचायचा.

ते गृहस्थ चित्र नीट दिसेना म्हणून बाटलीतले पाणी शिंपडायला निघाले. रखवालदाराने हात जोडले. ‘साहब, पानी मत डालिए, रंग जाता है.’ पाणी टाकले की चित्र क्षणभर उजळते, पण दरवेळी थोडे थोडे झिजते. ते ओशाळले आणि त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. चूक हेतूची नव्हती. पाहण्याची घाई झाली होती, एवढेच.

अशी घाई जाणकारांचीही होते. २०२० मध्ये काही भूशास्त्रज्ञ इथे आले होते. सभागृह गुहेच्या भिंतीवर उंचावर त्यांना पानासारखा ठसा दिसला. तो डिकिन्सोनिया या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म आहे, असा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर बातमी झाली. पुढे दुसऱ्या एका गटाने जागेवर जाऊन तो ठसा पुन्हा पाहिला. ठसा भिंतीपासून सुटत चालला होता. जीवाश्म खडकातून असा सुटत नाही. २०२३ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष आहेत. पहिल्या गटाच्या प्रमुखांनी ही चूक मोकळेपणाने मान्य केली. मला ही गोष्ट भीमबेटकाच्या इतिहासातली फार महत्त्वाची वाटते. कारण याच शैलाश्रयांतल्या चित्रांत मध गोळा करणारी माणसेही रंगवलेली आहेत. खडकाला लटकलेले पोळे त्या चित्रकाराने बरोबर ओळखले होते.

दुपार कलल्यावर मी कड्याशी जाऊन बसलो. इथून खालचा सपाट मुलूख दूरवर उघडा दिसतो. शेते, झाडांचे पुंजके, रस्त्याची रेघ. त्या माणसांनी राहायला हीच जागा का निवडली, ते पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते. डोक्यावर पावसापासून आडोसा, हाताशी हत्यारांसाठी दगड, आणि समोर सावज नि संकट दोन्ही दुरून दिसतील अशी नजर. त्यांच्यासाठी ही शोभेची जागा नव्हती, टेहळणीची होती. दिवसभर ज्या प्राण्यांवर नजर ठेवायची, तेच त्यांनी पाठीमागच्या दगडावर उतरवले. म्हणून तो गवा इतका अचूक आहे.

खालून एक आगगाडी गेली. वरून तिचे डबे काडेपेटीएवढे दिसत होते. त्यातल्या कोणाची नजर इकडे वळली असेल का, असे वाटून गेले. सत्तर वर्षे लोक इथून गेले आणि खडक त्यांना दिसलेही असतील. इतिहास मात्र उतरून गेलेल्या माणसाला सापडला. आणि उतरल्यावरही दोनदा पाहावे लागते, हे पोळ्याने शिकवले.

संध्याकाळी फाट्यावर भोपाळकडे जाणारी बस मिळाली. खिडकीजवळची जागा रिकामी होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)