बिलाचा प्रिंटर अडला? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे करून बघा

किराणा, मेडिकल, हॉटेल... काउंटरवर दिसणाऱ्या छोट्या बिल प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा शाई नसतेच. हा असतो थर्मल प्रिंटर. त्याच्या कागदावर उष्णतेने काळा होणारा रासायनिक थर असतो आणि प्रिंटरचे हेड बारीक ठिपक्यांनी तो तापवते. एवढे लक्षात ठेवले की बऱ्याच तक्रारींचे कारण आपोआप कळते.

कोरा कागद बाहेर येतोय?
बहुधा रोल उलटा बसला आहे. कागदावर नखाने जोरात ओरखडा मारा. ज्या बाजूला काळी रेघ उठेल, ती बाजू हेडकडे हवी. दोन्हीकडे रेघ उठत नसेल तर तो थर्मल रोल नाहीच, बदलून आणा.

छपाई फिकट, किंवा मधोमध उभी पांढरी रेघ?
हेडवर कागदाची धूळ साचते. प्रिंटर बंद करा, हेड थंड होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा आणि सुकल्यावरच चालू करा. ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडणे म्हणजे नव्या हेडचा खर्च ओढवून घेणे. ८० मिमी रोलच्या नेहमीच्या प्रिंटरमध्ये ओळीत ५७६ ठिपके असतात, म्हणजे दर मिलिमीटरला ८. त्यातला एक जरी मेला तरी त्या जागी रेघ कायमची. पुसूनही रेघ जात नसेल आणि ती नेमकी रकमेवरून जात असेल, तर हेड बदलायला थांबू नका. आकडा चुकीचा वाचला गेला की गिऱ्हाईकाशी वाद ठरलेला. हातात धरायच्या ब्लूटूथ प्रिंटरची छपाई फिकट असेल, तर आधी चार्जिंग बघा.

कागद अडकला?
जोरात ओढू नका. प्रिंटर बंद करून झाकण उघडा. कटर अर्ध्यात अडकल्यामुळे झाकणच उघडत नसेल, तर अनेक मॉडेल्समध्ये पाते मागे घ्यायला छोटे चाक असते, ते फिरवा.

काहीच छापत नाही, किंवा भलतीच चिन्हे येतात?
प्रिंटर बंद करा, फीड बटण दाबून धरा आणि तसेच चालू करा. बहुतेक प्रिंटर चाचणीचा कागद छापतात. तो नीट आला तर प्रिंटर ठीक आहे. दोष केबल, ड्रायव्हर किंवा सेटिंगमध्ये शोधा. यूएसबी केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की विंडोज कधीकधी त्याला नवा प्रिंटर समजते आणि बिले जुन्याच्याच रांगेत अडकतात. नेटवर्कवरच्या प्रिंटरचा आयपी पत्ता राउटर बंद-चालू झाल्यावर बदलू शकतो, म्हणून तो कायमचा ठरवून घ्या.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, ते वेगळेच दुखणे. अनेक प्रिंटरच्या स्वतःच्या फाँटमध्ये देवनागरी नसते. सॉफ्टवेअरमध्ये बिल चित्र म्हणून छापायचा पर्याय असेल तर तो निवडा. ₹ हे चिन्ह तर २०१० मध्ये आले, त्यामुळे जुन्या प्रिंटरवर सरळ ‘रु.’ लिहिलेले बरे.

बिल घरी आल्यावर
मिक्सरच्या वॉरंटीचे बिल सहा महिन्यांनी कोरे दिसले, तर दुकानदाराने फसवलेले नसते. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातली रसायने थर्मल छपाई पुसट करतात. सॅनिटायझर लागला तर उलट कागद काळा पडू शकतो. वॉरंटीचे बिल हातात पडले की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि एक झेरॉक्स ठेवा.