सदर स्ट्रीटवरचं फेअरलॉन

कोलकात्यात चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमच्या कडेने सदर स्ट्रीट आत शिरते. याच रस्त्यावर दहा नंबरच्या घरात तरुण रवींद्रनाथांनी 'निर्झरेर स्वप्नभंग' लिहिली. थोडं पुढे १३ए नंबरला फेअरलॉन हे हॉटेल. या वास्तूचा उगम १७८३ सालचा. विल्यम फोर्ड नावाच्या इंग्रजाने तेव्हा ही जागा घेतली. पुढची दीडशे वर्षं घर या हातातून त्या हातात जात राहिलं. माझ्या मते त्याची खरी कुळकथा सुरू होते ती १९३६ साली, रोझी सार्कीज या आर्मेनियन बाईंच्या हाती ते आलं तेव्हा.

आर्मेनियन मंडळी बंगालला नवखी नव्हती. ढाक्यातलं त्यांचं चर्च १७८१ सालचं. व्यापाराइतकाच पाहुणचाराचा धंदाही त्यांना साधला होता. चौरंगीवरचं ग्रँड हॉटेल उभं करणारे अराथून स्टीफन आर्मेनियन, तसेच सिंगापूरचं रॅफल्स काढणारे सार्कीज बंधूही. त्यांच्यापुढे फेअरलॉन म्हणजे मोजक्या खोल्यांचं लॉज. दुसऱ्या महायुद्धात ते सरकारने ताब्यात घेतलं आणि तिथे कॅनडाच्या हवाई दलाची माणसं राहिली. युद्ध संपलं, घर परत मिळालं, पुन्हा पाहुणे येऊ लागले.

१९६२ पासून कारभार रोझींची मुलगी व्हायोलेट आणि जावई एडमंड स्मिथ यांनी पाहिला. व्हायोलेटबाईंचा जन्म ढाक्याचा, १९२१ चा. ओठांना ठळक लिपस्टिक, केस नीट बसवलेले, अशा त्या दाराजवळ बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची जातीने चौकशी करत. लोक त्यांना सदर स्ट्रीटची डचेस म्हणत. भिंती हिरव्या, अंगणातल्या वेताच्या खुर्च्या हिरव्या; जिन्याच्या भिंतीवर ब्रिटिश राजघराण्याच्या तसबिरी. जेवणाची वेळ झाली की घंटेचा टोल पडे आणि फेटेवाले वाढपी ताटल्या घेऊन येत. राहण्याच्या भाड्यात जेवण धरलेलं असे. जेफ्री केंडल यांची शेक्सपिअरची नाटकमंडळी इथे उतरत असे. त्यांचे जावई शशी कपूरही इथे राहून गेले. 'सिटी ऑफ जॉय' सिनेमातही हे घर दिसतं.

राज्य गेल्यावर मागे राहिलेला इंग्रजी थाट म्हणून या लॉजची फार वर्णनं झाली. मला ती अपुरी वाटतात. हा थाट राखला तो ढाक्यात जन्मलेल्या आर्मेनियन बाईने, आणि तो दिवसातून तीनदा टेबलावर पोचवला तो इथल्याच खानसाम्यांनी आणि वाढप्यांनी. आईकडून लेकीकडे आलेला हा व्यवसाय ऐंशीएक वर्षं एकाच घराण्यात टिकला, यात या सगळ्यांचाच वाटा होता.

२०१४ मध्ये व्हायोलेटबाई गेल्या. २०१८ मध्ये त्यांच्या मुलीने फेअरलॉन एल्गिन हॉटेल्सला विकलं. एल्गिनची मुळं दार्जिलिंगची, जुन्या वास्तूंमध्ये हॉटेलं चालवण्याचा त्यांना अनुभव. त्यांनी डागडुजी केली, खोल्या नव्याने सजवल्या. जुनं नावही ठेवलं, फक्त त्याच्या आधी आपलं जोडलं. पाटीवर आता 'एल्गिन फेअरलॉन' आहे.