मोठे फळवाघूळ
भारतीय उपखंडातील सर्वांत मोठे वटवाघूळ. शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस, कुल टेरोपोडिडी. पंखविस्तार १.२ ते १.५ मी. वड, चिंच अशा उंच झाडांवर, बहुधा पाणवठ्याजवळ, यांच्या शेकडोंच्या वसाहती दिवसा उलट्या लटकलेल्या असतात. कडक उन्हात पंखांनीच वारा घेतात. प्रतिध्वनीऐवजी डोळे व नाक यांच्या आधारे ती अन्न शोधतात. पिकलेले फळ चावून रस गिळतात, चोथा थुंकून टाकतात. मोहाच्या फुलांचे परागण आणि बियांचा प्रसार ती करतात. बागायतदाराला मात्र कुरतडलेली फळेच दिसतात. मादीला वर्षाला बहुधा एकच पिलू होते. निपाह विषाणू यांच्यात आढळतो, म्हणून उष्टी फळे खाऊ नयेत. वसाहत उठवणे मात्र अविचाराचेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळवाघळांना उपद्रवी ठरवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने या जातीला संरक्षण दिले.