सेवाग्रामची जोडपी



वर्ध्याहून सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना बापू कुटी दाखवायला नेतो. मातीच्या भिंती, वर कौले, आत चटई, मीराबेनने भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडे. तासाभरात पाहून होते आणि आपण घरी स्वयंपाकाला परततो. ही मातीची घरे इतके पावसाळे टिकली कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्यांनी आजीचे मातीचे घर पाहिले आहे त्यांना सांगायला नको. सारवण, लिंपण, कौले फेरणे, वाळवीवर लक्ष, हे दरवर्षी करावेच लागते. एक वर्ष चुकले तर भिंत बोलायला लागते.

आश्रमाचा इतिहास आपण गांधीजींचा म्हणून वाचतो. तो तिथे राहिलेल्या जोडप्यांचाही आहे, आणि आज मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे. त्यातही बायकांविषयी जास्त.

30 एप्रिल 1936 ला गांधीजी शेगावात आले, तेव्हा तिथे राहण्याजोगे काही नव्हते. पावसाळ्यात वर्ध्याचा रस्ता म्हणजे चिखल. हिवताप इतका की पहिल्याच वर्षी स्वतः गांधीजींना वर्ध्याच्या दवाखान्यात आणावे लागले. गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल तिकडे जाई, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

पहिले घर आदि निवास. एकच मोठी खोली, त्यात गांधीजी, येणारे-जाणारे, कार्यकर्ते, आणि त्यांच्यातच कस्तुरबा! साठी ओलांडलेल्या बाईने कपडे कुठे बदलायचे, घटकाभर पाठ कुठे टेकायची? बांची अडचण जमनालालजींच्या ध्यानात आली आणि वेगळी बा कुटी उभी राहिली. मला विचाराल तर आश्रमातली सर्वांत बोलकी वास्तू तीच. पाहुण्यांना मी आधी तिथे नेते. 1942 च्या ऑगस्टमध्ये बा मुंबईला गेल्या, पकडल्या गेल्या, आणि 22 फेब्रुवारी 1944 ला आगाखान पॅलेसमध्ये वारल्या. त्या कुटीत त्या परत आल्याच नाहीत.

साबरमतीहून आलेले चिमणलालभाई शहा आणि शकरीबेन हे दुसरे जोडपे. चिमणलालभाई आश्रमाचे व्यवस्थापक. प्रकृती तोळामासा, पण कोठी, हिशेब, आजारी माणसे, कोण कुठे झोपणार, सगळे त्यांच्याकडे. 25 ऑगस्ट 1946 ला गांधीजी सेवाग्रामहून निघाले. नोआखालीहून त्यांची चिमणलालभाईंना पत्रे येत, आश्रम कसा चालवावा याबद्दल. 1948 च्या फेब्रुवारीत ते परत यायचे ठरत होते. त्याआधी 30 जानेवारी आली. मुख्य माणूसच गेल्यावर पुष्कळजण पांगले, हे दोघे राहिले. मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे फार कळते. चालत्या पेढीत मुनीम होणे सोपे असते. मालक गेल्यावरही रोज सकाळी वही उघडून बसायचे, त्याला वेगळे बळ लागते.

किशोरलाल मश्रूवाला आणि गोमतीबेन तर आपल्या वऱ्हाडाशी जोडलेले. मश्रूवाला कुटुंबाचा व्यापार अकोल्याला होता आणि किशोरलालभाईंच्या पुतणीचे, सुशीलाबेनचे, लग्न गांधीजींच्या मणिलालशी 1927 मध्ये अकोल्यालाच झाले. किशोरलालभाईंना दम्याचा असा त्रास की रात्र-रात्र बसून काढावी लागे. त्या अवस्थेत गांधीजींनंतर ‘हरिजन’ साप्ताहिकाचे संपादन त्यांनी 9 सप्टेंबर 1952 ला देह ठेवीपर्यंत केले. दमेकऱ्याच्या घरची बाई रात्री किती वेळा उठते हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. किशोरलालभाईंचे चरित्र नरहरी परीखांनी लिहिले. गोमतीबेनचे स्वतंत्र चरित्र माझ्या वाचनात आलेले नाही.

आशादेवींचे वेगळे. त्या बंगाली, बनारसला तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या घरात वाढलेल्या. पती आर्यनायकम् सिलोनच्या जाफन्याचे तमिळ ख्रिश्चन, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ काम केलेले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या यादीत आर्यनायकम् यांचे नाव आहे आणि आशादेवींचेही, वेगळे, स्वतःचे. पुढे हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम दोघांनी सेवाग्रामलाच बसून केले. 1954 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती आशादेवींना.

जमनालालजी 11 फेब्रुवारी 1942 ला अचानक गेले. जानकीदेवींनी घुंगट आणि दागिने आधीच सोडले होते. पतीमागे त्यांनी गोसेवेचे काम उचलले, भूदानात विहिरींसाठी कूपदान मागत फिरल्या. जोडीने सुरू केलेले काम त्यांनी एकटीने 37 वर्षे ओढले.

आश्रमाच्या अकरा व्रतांतली पहिली पाच आपलीच आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. ‘अस्वाद’ म्हणजे आपला रसपरित्याग. म्हणून मला आश्रमाचे रसोडे परके वाटत नाही. पण एक फरक मनात येतो. आपल्याकडे प्रतिमा ज्याची त्याने घ्यायची असते. नवऱ्याने सातवी प्रतिमा घेतली म्हणून बायकोला ती आपोआप लागत नाही, तिला स्वतः गुरूंसमोर उभे राहून नियम घ्यावा लागतो. आश्रमात आलेल्या कितीजणींना कोणी असे वेगळे विचारले असेल? आशादेवींना विचारले गेले असेल असे त्यांच्या कामावरून वाटते. शकरीबेनबद्दल मला सांगता येत नाही, आणि हेच मला खुपते.

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर एका तीर्थक्षेत्रावर वर्षभर सेवेला राहायचे आहे. तिथल्या विश्वस्तांचे पत्र आले: “आपण सपत्नीक यावे.” ह्यांच्यासाठी काम लिहिलेले होते, कार्यालय आणि हिशेब. माझ्यासाठी काही लिहिलेले नव्हते. भोजनशाळा मीच बघणार हे गृहीतच असावे! खरे तर बी.कॉम. मी आहे, हे सायन्सचे. मी जायला तयार आहे, मनापासून. पण उत्तर मीच लिहिले. हिशेबाची वही मी बघेन, भोजनशाळेत दोघेही पाळीपाळीने उभे राहू, सामायिकाची वेळ कामात मोडू नये, आणि नोंदवहीत ‘सपत्नीक’ न लिहिता दोन नावे लिहावीत. हे पत्र वाचून हसले आणि खाली त्यांनीही सही केली. विश्वस्तांचे उत्तर अजून यायचे आहे.

मुक्तागिरी असो, शिरपूर असो, की तुमच्या गावचे लहानसे मंदिर, तिथे देणगीदारांच्या पाट्या भिंतभर असतात. उन्हाळ्यात यात्रेकरूंसाठी पाणी भरून ठेवणाऱ्या, वर्षानुवर्षे खोल्या झाडून देणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची पाटी नसते. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसून नाव, गाव, कोणत्या साली आले, काय काम केले, एवढे वहीत उतरवून घ्या. आधी तिचे नाव विचारा. ती म्हणेल, “माझे काय लिहायचे, ह्यांनाच विचारा.” तरी पेन उघडेच ठेवा.